व्हेंटिलेटर, डायलिसिस आणि एकच जुना करार: ज्यू आणि ख्रिस्ती माणसं वेगवेगळं का ठरवतात?

सातरस्तेकर

नमस्कार. इथं बरीच वर्षं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही सोलापूरचे, मराठी ख्रिस्ती, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) मंडळीतले. पप्पा मिलमध्ये टाइमकीपर होते, मिल बंद पडल्यावर घरी शिकवण्या घेतल्या. गेल्या पावसाळ्यात त्यांना मेंदूत रक्तस्राव झाला. वय ७८. एकूण २२ दिवस आयसीयूत, त्यातले २० व्हेंटिलेटरवर. १८व्या दिवशी किडन्या बसल्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, डायलिसिस सुरू करायचं का? मी म्हटलं, फरक पडेल का? ते म्हणाले, रक्त साफ होईल, मेंदू परत येणार नाही. मी 'डायलिसिस नको' लिहून सही केली. चार दिवसांनी पप्पा गेले.

त्या चार दिवसांत घरात मतं फुटली. धाकटी बहीण पुण्याहून आलेली, ती म्हणायची मशीनही काढा, हे आता पप्पा नाहीत. आई म्हणायची, श्वास प्रभूनं घातलाय, तोच काढेल. माझा शाळेपासूनचा मित्र बेने इस्रायली, म्हणजे इकडचाच मराठी ज्यू आहे. त्याचे वडील रेल्वेत होते, त्यामुळं तो इथं रेल्वे लाइन्समध्ये वाढला, आता ठाण्यात असतो. तो रोज फोन करायचा. त्याचं म्हणणं, "डायलिसिस नको म्हणालास ते ठीक. पण लावलेलं मशीन काढू देऊ नकोस, आमच्यात ते चालत नाही." आणि ऑफिसातले एक कॅथलिक सहकारी म्हणाले, आमच्यात काढलेलंही चालतं, उपचाराचं ओझंच जास्त होत असेल तर.

मित्राचं शास्त्र तेच आमचा जुना करार. 'खून करू नको' तिघांच्याही पाठ. मग एकाच पलंगाजवळ तीन उत्तरं कशी येतात? जाणकारांनी सांगावं. आणि खरं सांगायचं तर हेही विचारायचंय की मी ती सही केली, ते नक्की काय केलं?

रात्रपाळी

दादा, तुमच्या दुःखात सहभागी आहे. मी सोलापुरातच आयसीयूत सिस्टर आहे, १४ वर्षं झाली.

शास्त्रातलं जाणकार सांगतील, मी पलंगाजवळचं सांगते. 'मशीन काढा' असं आमच्याकडं कुणी तोंडानं म्हणत नाही. 'घरी नेतो' म्हणतात. मग डामाच्या, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतोय अशा कागदावर सही होते, नळी तशीच ठेवायची, आणि नात्यातला एखादा पोरगा अँब्युलन्समध्ये बसून आंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) दाबत पेशंटला बार्शीला, मंगळवेढ्याला, अक्कलकोटला नेतो. आम्ही त्याला पाच मिनिटांत शिकवतो, असं दाबायचं, असं सोडायचं. घरी पोचल्यावर सगळ्यांनी तोंडात पाणी घातलं की कुणीतरी त्याला खूण करतं, बास आता.

तो पोरगा बहुतेक वेळा भाचा किंवा पुतण्या असतो, वीस-बावीसचा. निर्णय सगळ्या घराचा, पण हात त्याचा एकट्याचा. त्याच्याशी नंतर कोण बोलतं? तुमच्यावर ती पाळी आली नाही याबद्दल देवाचे आभार माना.

कायद्याचं_बोला

सातरस्तेकर, सहानुभूती आहेच. पण धर्मग्रंथ कशाला उघडताय? सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ च्या कॉमन कॉज निकालात सन्मानानं मरण्याचा हक्क कलम २१ मध्ये धरलाय. लिव्हिंग विल करता येतं, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवता येतं. जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपीही केली: आता दंडाधिकाऱ्यांची सही लागत नाही, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. पप्पांचा असा कागद असता तर घरात तीन मतं झालीच नसती.

रात्रपाळी

@कायद्याचं_बोला, कागद असता तरी आई आईच असती.

शेंगाचटणी

वाचतोय. वाचनखूण साठवली. सातरस्तेकर, तुमच्या पप्पांच्या शिकवणीला आमचा थोरला भाऊ होता की काय अशी शंका येतेय. इंग्रजीला होते का ओ? व्यनि करतो.

मलीदा

मी बेने इस्रायल, मूळ पेणकडची, सध्या ठाणे. (तुमचा मित्र बहुधा आमच्याच सिनेगॉगमधला असणार.) तो जे म्हणाला ते कुठून येतं ते सांगते.

आमच्या शास्त्रात मरणाच्या दारात असलेल्या माणसाला 'गोसेस' म्हणतात. तलमुदात, म्हणजे आमच्या धर्मचर्चेच्या मोठ्या ग्रंथात, त्याला विझत्या दिव्याची उपमा आहे: बोट लावलंत की विझला. म्हणून त्याला उगाच हलवायचं नाही, डोळेसुद्धा आधी मिटायचे नाहीत. पण पोलंडमधल्या क्राकोचे रब्बी (धर्मगुरू) मोशे इसेर्लिस १६व्या शतकात दुसरी बाजू लिहून गेले. बाहेर कुणी लाकडं फोडतोय आणि त्या ठोक्यांमुळं जीव अडकलाय, तर ते ठोके थांबवावेत. जिभेवर मीठ ठेवल्यामुळं जीव जात नसेल, तर मीठ काढावं. कारण त्यात तुम्ही मारत नाही, वाटेतला अडथळा काढता. डोक्याखालची उशी मात्र ओढायची नाही, कारण त्यात माणूस हलतो.

आता व्हेंटिलेटर हे मीठ की उशी? सगळा वाद तिथं आहे. तेल अवीवचे प्रमुख रब्बी हाइम दाविद हालेवी म्हणाले, मीठच, काढा. बऱ्याच ऑर्थोडॉक्स रब्बींचं मत उलटं: चालू श्वास आपल्या हातानं बंद करणं ही कृती झाली. इस्रायलनं २००५ साली मरणासन्न रुग्णांचा कायदा केला तो या वादातूनच. सलग चालणारा उपचार मध्येच तोडायचा नाही, पण नवा सुरू न करण्याची, किंवा टप्प्याटप्प्यानं दिला जाणारा उपचार पुढं न देण्याची मुभा. डायलिसिस हे टप्प्याटप्प्याचं, व्हेंटिलेटर सलग. मग त्यांनी व्हेंटिलेटरला टायमर बसवण्याची सोय कायद्यात ठेवली, म्हणजे वेळ संपली की तो थांबतो आणि पुन्हा लावायचा की नाही हे ठरवता येतं. बाहेरच्यांना ही कसरत वाटेल. मला तसं वाटत नाही. कुणाच्या हातानं जीव जाऊ नये, आणि कुणाला विनाकारण अडकवूही नये, या दोन्ही गोष्टी इतक्या मनापासून धरल्या की असं यंत्र सुचतं. रात्रपाळीताईंनी त्या आंबू बॅगवाल्या पोराबद्दल लिहिलं, तेव्हा मला तो टायमरच आठवला.

वसई_ते_सोलापूर

कॅथलिक बाजू मांडतो. मी नोकरीनिमित्त नऊ वर्षं सोलापुरात आहे.

१९५७ साली पोप बारावे पायस यांना भूलतज्ज्ञांनी हाच प्रश्न विचारला होता. तेव्हा व्हेंटिलेटर नवीन होते. त्यांनी साधारण आणि असाधारण उपाय असा फरक सांगितला: जीव राखण्यासाठी साधारण उपाय करणं कर्तव्य, असाधारण उपाय बंधनकारक नाहीत, आणि काही परिस्थितीत मशीन काढताही येतं. १९८० च्या व्हॅटिकनच्या जाहीरनाम्यातही तेच. सुरू न करणं आणि थांबवणं यांत आमच्याकडं नैतिक भिंत नाही. विचारायचं ते एवढंच: माणूस जावा म्हणून काढताय, की ज्याचा उपयोग उरला नाही ते ओझं उतरवताय?

एक गोष्ट मात्र ठाम आहे. नळीनं दिलेलं अन्नपाणी हा शक्यतो साधारण उपाय, ते तोडायचं नाही, असं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००४ साली सांगितलं. पाजणं-भरवणं ही माणसानं माणसाची काळजी झाली, ती औषधात मोजायची नाही.

सातरस्तेकर, तुमच्या सहीबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्या डायलिसिसनं मेंदू परत येणार नव्हता, त्याला तुम्ही नाही म्हणालात.

कायद्याचं_बोला

भरवण्यावरून: अरुणा शानबाग. हल्ल्यानंतर भान हरपलेल्या, १९७३ पासून केईएममध्ये. व्हेंटिलेटरवर नव्हत्या, परिचारिका भरवायच्या. २०११ साली सुप्रीम कोर्टानं त्यांचं अन्न थांबवायची याचिका फेटाळली आणि म्हटलं, त्यांच्यासाठी निर्णय घ्यायचा तर तो केईएमच्या कर्मचाऱ्यांनी, कारण त्यांनीच इतकी वर्षं सांभाळलं. २०१५ मध्ये न्यूमोनियानं गेल्या. त्या परिचारिका कुठल्या धर्माच्या होत्या हे कुणी विचारलं नाही. माझा मुद्दा तोच आहे.

रात्रपाळी

आणि माझाही. ४२ वर्षांत पाठीला जखम होऊ दिली नाही, असं आम्हाला शिकवताना सांगायचे. ज्यांनी आयसीयूत काम केलंय त्यांना कळेल ही किती मोठी गोष्ट आहे.

गड्डा_यात्रा

एक शंका, थोडी अवांतर. पोपचं मत कॅथलिकांना. मग सीएनआयवाल्यांचं कोण ठरवतं?

सातरस्तेकर

@गड्डा_यात्रा, आमच्याकडं असा एकच अधिकार नाही. पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले, पण 'तुम्ही वचन वाचा, प्रार्थना करा आणि ठरवा' एवढंच म्हणाले. त्या दिवशी मला वाटलं की कुणीतरी हो किंवा नाही सांगावं. विवेकबुद्धीवर सोडलं की ओझंही आपल्यावरच येतं.

अंगणवाडी_ताई

अवांतरात भर. मी पण सीएनआय, लग्न कॅथलिक घरात. सात वर्षं मूल नव्हतं, आयव्हीएफ केलं, मुलगी आता पाचवीत आहे. माझ्या माहेरी चर्चमध्ये आभाराची प्रार्थना झाली. सासरच्या चर्चमधल्या एका बाईंनी मात्र मला तोंडावर विचारलं, बाकीचे गर्भ कुठं ठेवलेत? मी घरी येऊन दोन दिवस रडले. तो प्रश्न चुकीचा होता की विचारायची पद्धत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

वसई_ते_सोलापूर

ताई, पद्धत चुकीचीच. प्रश्न मात्र आमच्या चर्चचा खरा प्रश्न आहे. १९८७ च्या 'दोनुम विते' या सूचनापत्रात आयव्हीएफला नकार दिला, त्याची कारणं दोन: मूल पतिपत्नीच्या मीलनातून यावं, प्रयोगशाळेतल्या कृतीतून नाही, आणि उरलेले गर्भ गोठवले किंवा टाकले जातात. गर्भधारणेच्या क्षणापासून माणूस मानलं तर ती माणसंच होतात.

पण एक आठवण सांगतो. २५ जुलै १९७८ ला पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन जन्मली तेव्हा व्हेनिसचे कार्डिनल लुचियानी यांना विचारलं होतं. पद्धतीबद्दल त्यांनी शंका मांडली, पण आईबापांना दोष द्यायला नकार दिला आणि बाळाला शुभेच्छा दिल्या. महिन्याभरात ते पोप जॉन पॉल पहिले झाले. तुमच्या मुलीला आमच्या घरातून तसाच आशीर्वाद.

मलीदा

अंगणवाडी_ताई, तुमची मुलगी आमच्याकडं असती तर 'फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा' ही पहिली आज्ञा पाळली गेली म्हणून पेढे वाटले असते. इस्रायलमध्ये बाईच्या वयाच्या ४५ वर्षांपर्यंत, दोन मुलं होईतो, सरकार आयव्हीएफचा खर्च करतं. गर्भाशयाबाहेरच्या गर्भाला बहुतेक रब्बी माणसाचा दर्जा देत नाहीत. गर्भाशयातलासुद्धा पहिले ४० दिवस तलमुदाच्या भाषेत नुसतं पाणी.

मूळ प्रश्नाचं एक उत्तर इथं सापडतं बघा. निर्गम २१:२२. दोन पुरुष भांडतात, धक्का लागून गरोदर बाईचा गर्भ पडतो. पुढं 'असोन' झाला नाही तर दंड, झाला तर जिवाबद्दल जीव. असोन म्हणजे इजा. आम्ही वाचतो: बाईला इजा. म्हणजे गर्भ गेला तर दंड, बाई गेली तर जीव, आणि म्हणून गर्भ म्हणजे पूर्ण माणूस नव्हे. पण इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात ग्रीक भाषांतर सुरू झालं, त्यात हे वाक्य बदललं: गर्भ 'घडलेला नसेल' तर दंड, 'घडलेला असेल' तर जिवाबद्दल जीव. ख्रिस्ती धर्मपित्यांनी वाचलं ते ग्रीक. एका शब्दाच्या भाषांतरावरून दोन वाटा फुटल्या.

वसई_ते_सोलापूर

हे मान्य, आणि पुढचंही सांगतो. आमचे मध्ययुगातले मोठे धर्मपंडित थॉमस अॅक्वायनास सुद्धा आत्मा काही दिवसांनी येतो असंच मानायचे, अॅरिस्टॉटलवरून. घडलेला-न घडलेला हा फरक चर्चच्या शिक्षांच्या कायद्यातून निघाला तो १८६९ मध्ये, नवव्या पायसच्या काळात. म्हणून 'आमचं पहिल्यापासून असंच होतं' असं मी म्हणणार नाही. पण गर्भपात पाप हे मात्र आरंभापासून आहे. आणि मिश्नामधलं (तलमुदाचा मूळ गाभा) आईचा जीव धोक्यात असेल तर डोकं बाहेर येईपर्यंत गर्भाचे तुकडे करून काढावा, हे वाचताना माझा हात थरथरतो, मलीदाताई. स्तोत्र १३९ मध्ये देव आईच्या उदरात माणूस विणतो असं आहे ना?

मलीदा

माझाही थरथरतो. पण पलीकडं आई आहे, बाजेवर, रक्तात. मिश्ना म्हणते तिचा जीव आधी. डोकं बाहेर आलं की मात्र हात लावायचा नाही, कारण आता दोन जीव सारखे. डॉ. जेरुशा झिराड आमच्यातल्या, मुंबईत कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या, १९६६ ची पद्मश्री. त्यांच्या काळातल्या बाळंतपणांत हा प्रश्न पुस्तकी नव्हता.

शेंगाचटणी

अवांतर पण अभिमानानं: डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. डॉक्टरांचा विषय निघाला आणि सोलापूरकर गप्प बसला असं होणार नाही.

गड्डा_यात्रा

सोलापूरकर गप्प बसला असं कुठल्याच विषयात होत नाही बे.

हातमाग

आमच्या पद्मशाली समाजात मामा-भाची लग्नं अजून होतात. माझी चुलत बहीण सख्ख्या मामाला दिली, दोन मुलं गेली, तिसरं आजारी. ज्यू लोकांत लग्नाआधी रक्त तपासतात असं ऐकलंय, खरं का?

मलीदा

खरं आहे. 'दोर येशारीम' नावाची संस्था, १९८०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये एका रब्बीनं काढली. त्यांची स्वतःची चार मुलं टे-सॅक्स रोगानं गेली होती. हा रोग पूर्व युरोपातल्या ज्यूंत जास्त दिसतो, बाळ काही वर्षांतच जातं. मुलामुलींचं रक्त घेऊन त्यांना फक्त नंबर देतात. स्थळ आलं की दोन्ही नंबर कळवायचे, उत्तर एवढंच: जुळतं किंवा जुळत नाही. दोष कुणात आहे हे कुणाला सांगत नाहीत, म्हणून कुणाच्या नावाला डाग नाही. नंतर गर्भपाताचा प्रश्नच येऊ नये म्हणून आधी तपासणी.

हातमाग

पत्रिकेसारखंच झालं की ओ, फक्त रक्ताची. आमच्या समाजाच्या वधूवर मेळाव्यात मांडतो हे. नंबरची युक्ती चांगली आहे, नाहीतर पोरीकडच्यांनाच नावं ठेवतात.

बाळीवेस

मी जैन. आमच्यात सल्लेखना आहे, अन्नपाणी सोडून मरण स्वीकारायचं व्रत. २०१५ मध्ये राजस्थान हायकोर्टानं ती आत्महत्या ठरवली आणि त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानं स्थगिती दिली. माझ्या आजीनं घेतली होती, शुद्धीत, हसतमुखानं. त्यामुळं अन्न सोडणं म्हणजे पाप हे माझ्या गळी उतरत नाही. पण वसईकर म्हणतात ते दुसऱ्यानं अन्न तोडण्याबद्दल आहे, आजीनं स्वतः सोडलं होतं. फरक आहे, हे लिहिता लिहिताच लक्षात आलं.

कायद्याचं_बोला

अवयवदानाबद्दल दोन्हीकडं काय? तिथं तर मेंदू मृत झाल्यावर हृदय चालू असतानाच काढावं लागतं.

मलीदा

जीव वाचवण्यासाठी शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) सुद्धा मोडायचा, हे आमचं मोठं तत्त्व, 'पिकुआख नेफेश'. त्यामुळं दान मोठंच. भांडण मरण कधी झालं यावर. इस्रायलच्या प्रमुख रब्बिनेटनं १९८६ मध्ये मेंदूमृत्यू मान्य केला, २००८ मध्ये कायदाही झाला, पण कर्मठांतले बरेच जण आजही हृदय थांबणंच मरण मानतात. २००८ च्याच दुसऱ्या कायद्यानं दात्याचं कार्ड असणाऱ्याला प्रत्यारोपणाच्या यादीत प्राधान्य मिळतं.

वसई_ते_सोलापूर

पोप जॉन पॉल दुसरे, २००० साल, रोममधली प्रत्यारोपण परिषद: मेंदूमृत्यू नीट ठरवला असेल तर हरकत नाही, आणि दान हे प्रेमाचं कृत्य. आपल्या देशातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपणही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात, १९७१ मध्ये.

मलीदा

सातरस्तेकर, बाकी सगळं लिहिलं, पण तुमच्या सहीवर बोलायचं राहिलं. तलमुदात एक गोष्ट आहे. रब्बी येहुदा हानासी, मिश्नाचे संकलक, आजारी पडले. शिष्य अखंड प्रार्थना करत होते, त्यामुळं प्राण जात नव्हता. घरातली दासी छतावर गेली. आधी तिनंही ते जगावेत म्हणून प्रार्थना केली. पण त्यांना पुन्हापुन्हा शौचाला जावं लागतंय, दर वेळी हातावरचं तेफिलीन (प्रार्थनेची चामडी पट्टी) सोडायचं आणि परत बांधायचं, त्याच्या यातना तिनं पाहिल्या. मग म्हणाली, आता वरच्यांची इच्छा पुरी होवो. शिष्य थांबेनात, तेव्हा तिनं छतावरून एक घडा खाली टाकला. आवाजानं क्षणभर प्रार्थना थांबली, तेवढ्यात ते गेले. तलमुदानं तिला दोष दिलेला नाही.

तुम्ही डायलिसिसला नाही म्हणालात तेव्हा उशी ओढली नाहीत. एवढंच मला ठामपणे म्हणता येतं.

सातरस्तेकर

तीन दिवस लिहिलं नाही, माफ करा. हा धागा काल रात्री आईला वाचून दाखवला. ती मोबाइलवर वाचत नाही.

मिठाचं ऐकून ती म्हणाली, "आमच्या गावाकडं पण म्हणायचे, जीव कशात तरी अडकलाय." टायमरचं तिला पटलं नाही. वसईकरांचं भरवण्याबद्दलचं पटलं, कारण शेवटपर्यंत ती कापसानं पप्पांचे ओठ भिजवायची, सिस्टर रागावल्या तरी. दासीची गोष्ट वाचली तेव्हा मात्र एकदम गप्प झाली. मी फोन ठेवणार तेवढ्यात म्हणाली, "शेवटच्या दिवशी दुपारी मीही मागणं बदललं होतं. रोज म्हणायचे, प्रभू बरं कर. त्या दिवशी म्हटलं, प्रभू, आता तूच ने. तुम्हा दोघांना सांगितलं नाही, तुम्ही म्हणाला असता, आईनंच सोडलं."

ते संध्याकाळी साडेसहाला गेले. म्हणजे चार महिने मी माझी सही घेऊन बसलो होतो आणि आई तिचं मागणं घेऊन, एकाच घरात.

वसईकर, बाळीवेस, हातमाग, सगळ्यांचेच आभार. मलीदाताई, आईनं एकच विचारायला सांगितलंय. त्या दासीचं नाव काय होतं?

मलीदा

नाव दिलेलं नाही हो. 'रब्बींच्या घरची दासी' एवढंच. पण तिच्या शब्दाला मोठमोठे विद्वान मान द्यायचे, हे तलमुदात दुसऱ्या ठिकाणी आहे. आईंना माझा शालोम सांगा.

रात्रपाळी

आणि कापसासाठी रागावणारी मी नव्हे ना? असेन तर आईंना सांगा, पुढच्या वेळी कुणाची आई कापूस घेऊन आली तर मीच वाटीत पाणी आणून देईन.